हाडातला चुना

आई मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. पहाटेची वेळ होती, दिवा लावायचा कंटाळा केला होता तिने. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो आणि डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर चढवली होती. खुब्याचं हाड मोडलेलं मलाही दिसत होतं. डॉक्टरांनी पेनने ते दाखवलं आणि मग पेन सहज खाली सरकवलं. मांडीच्या आतल्या बाजूने दोन समांतर पांढऱ्या रेघा उतरत होत्या. सलग नव्हत्या, तुटक तुटक, जाड पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालावा तशा. "ही रक्तवाहिनी. कॅल्शियम बसलंय तिच्यात. साखर किती वर्षं आहे यांना?" मी म्हटलं, बावीस. "आणि हाडं बघा, पार विरलीत." आई स्ट्रेचरवर पडली होती, दुखण्याने ओठ पांढरे पडले होते, तरी तिने मान वळवली आणि विचारलं, "डॉक्टर, हाडं विरली म्हणता, मग हाडातला चुना नसेत कसा गेला?" डॉक्टर हसले. "वय झालं की होतं आजी असं," म्हणाले आणि शस्त्रक्रियेच्या तयारीला लागले.

त्यांच्यापुढे मोडलेलं हाड होतं, त्यांना घाई होती, मला त्यांचा राग नाही. पण आईचा प्रश्न माझ्या मागे लागला. शस्त्रक्रिया झाली, आई घरी आली, वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली, तरी तो सुटेना. दुपारी ती झोपली की मी फिल्म काढून खिडकीच्या काचेवर धरायची. खुब्याचं हाड धुऊन धुऊन झिरझिरीत झालेल्या जुन्या लुगड्यासारखं दिसायचं, त्यातून पलीकडचं झाड दिसेल असं वाटायचं. आणि त्याच्या शेजारी त्या दोन रेघा ठसठशीत. जिथे असायला हवं तिथे नाही आणि जिथे नको तिथे आहे, हे एकाच फिल्मवर, चार बोटांच्या अंतरात.

मला टोचत होतं ते आणखी एका कारणाने. बारा वर्षं आईला कॅल्शियमची गोळी मी देत आले होते. रात्रीचं जेवण झालं, ओटा पुसला, की स्टीलच्या वाटीत ती मोठी पांढरी गोळी. चघळायची होती, पुदिन्याचा वास यायचा तिला. आई म्हणायची, खडू खाल्ल्यासारखं वाटतं गं. मी म्हणायची, हाडांसाठी आहे, खा मुकाट्याने. आता ती पाकिटं ड्रॉवरमध्ये दिसली की पोटात ढवळायचं. हाडांपर्यंत ती गोळी पोचली नाही हे फिल्मवर दिसत होतं. मग ती गेली कुठे? त्या दोन रेघांमध्ये?

सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली ती बंबाने. आमच्या लहानपणी घरात तांब्याचा बंब होता आणि पाणी बोअरचं. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. दर काही महिन्यांनी बंब तापायला वेळ घ्यायला लागला की आई तो अंगणात उपडा करायची आणि लाटण्याने बाहेरून ठोकायची. आतून क्षारांच्या खपल्या पडायच्या, पांढऱ्या-पिवळट, अंड्याच्या टरफलासारख्या. त्या बोटांत चुरडल्या की होणारी करकर मला आजही आठवते. तर नस म्हणजे नळी, रक्त म्हणजे बोअरचं पाणी, वर्षानुवर्षं वाहिलं, थर बसला. साधं. हे चित्र इतकं चपखल वाटलं की मी ते आईलाही सांगितलं, फोनवर बहिणीलाही सांगितलं.

मग शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवते. माझं सगळं ऐकून घेतलं तिने आणि म्हणाली, "बंब विसर. बंबाचं तांबं जिवंत नसतं."

त्यानंतर आम्ही कितीतरी रात्री बोललो आणि तिने सांगितलं ते मी वाचत गेले. धमनीची भिंत तीन थरांची. मधला थर स्नायूंच्या पेशींचा आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या लवचीक तंतूंचा. हे तंतू शरीर बहुतेक लहानपणीच विणून ठेवतं आणि आयुष्यभर तेच वापरतं. हृदयाचा ठोका पडला की भिंत फुगते, ठोका ओसरला की मागे येते आणि मागे येताना रक्ताला पुढे ढकलते. दिवसातून लाखभर वेळा. स्नायूपेशींचं काम आकसणं आणि सैल होणं. पण या पेशींचा एक स्वभाव आहे, हृदयाच्या स्नायूपेशींचा नसतो असा. त्या आपल्या कामाला कायमच्या बांधलेल्या नसतात. इजा झाली, साखर वाढली, सूज राहिली, रक्तातलं फॉस्फेट चढलं, की त्या आकसण्याची प्रथिनं बनवणं सोडून देतात. फॉस्फेट पेशीच्या आत शिरतं आणि रन्क्स-टू नावाचं एक जनुक जागं होतं. आईच्या पोटात बाळाचा सांगाडा घडतो तेव्हा हेच जनुक काही पेशींना सांगतं की तुम्ही आता हाड बांधणाऱ्या. ते धमनीत जागं झालं की तिथली पेशीही ऐकते. कोलॅजनची परांची उभी करते, अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडांच्या कामातलं विकर तयार करते आणि आपल्या अंगापासून बारीक पिशव्या सोडते. त्या पिशव्यांमध्ये पहिले स्फटिक धरतात. स्फटिक हायड्रॉक्सीॲपेटाइटचे, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे. हाडात आणि दातांत असतात तेच.

म्हणजे आईच्या मांडीत साका बसत नव्हता. हाडाचं बांधकाम चाललं होतं.

हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बंबाचं चित्र दुःखाचं होतं पण त्यात कुणाचा दोष नव्हता, पाणीच तसं. इथे तिच्याच पेशी, तिच्या जन्मापासून तिचं रक्त पुढे ढकलत आलेल्या, आपलं काम टाकून दुसऱ्याच कामाला लागल्या होत्या. आणि तरी त्यांच्याबद्दल राग येईना. मैत्रीण म्हणाली, काही अभ्यासकांना वाटतं की हा शरीराचा जखम बांधून टाकायचा प्रयत्न असावा. क्षयाची जुनी गाठ फुप्फुसात चुन्याच्या कवचात बंद होते, तसं. वर्षानुवर्षं साखरेचा मारा खाणाऱ्या भिंतीने बळकट व्हायला बघावं आणि त्यातच आपला लवचीकपणा घालवून बसावं. मला आईच आठवत राहिली, वडील गेल्यानंतरची, चार माणसांत कधीही न रडणारी.

खरं तर हे हाड आहे, ही गोष्ट नवी नाही. 19व्या शतकाच्या मध्यात रुडॉल्फ विर्शो या जर्मन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली धमन्या पाहून स्पष्ट लिहिलं होतं की हा नुसता चुन्याचा थर नाही, हे अस्थीभवन आहे. 1903 मध्ये योहान मॉन्केबर्गने धमनीच्या मधल्या थरात बसणाऱ्या कॅल्शियमचं वर्णन केलं. आईच्या फिल्मवरचा धावदोरा तो हाच, आणि आजही त्याला त्याचंच नाव आहे. पण त्यानंतर कित्येक दशकं सगळ्यांनी हे म्हातारपणाचं साचणं समजून सोडून दिलं. 1993 मध्ये माणसाच्या धमनीतल्या कडक झालेल्या थरात बीएमपी-टू हे हाड घडवायचा निरोप देणारं प्रथिन सापडलं, तेव्हा कुठे विर्शोच्या म्हणण्याकडे पुन्हा लक्ष गेलं. "वय झालं की होतं" हे उत्तर किती जुनं आणि किती सोयीचं आहे, ते मला तेव्हा कळलं.

पण मला सगळ्यात हलवून गेली ती पुढची गोष्ट. मी विचारत होते, कॅल्शियम नसेत का बसतं? मैत्रिणीने प्रश्नच उलटा केला. म्हणाली, तुझ्या-माझ्या रक्तात, प्रत्येकाच्या रक्तात, कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की स्फटिक एकदा धरला तर तो वाढतच जावा. मग आपण सगळे आतून दगड का होत नाही, ते विचार. आणि खरोखर, उत्तर असं आहे की आपल्याला अडवून धरणारे पहारेकरी आहेत. फेट्युइन-ए नावाचं प्रथिन यकृतात बनतं आणि रक्तातले कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक कण आपल्यात गुंडाळून घेतं, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. पायरोफॉस्फेट हा एक साधा रेणू, तो स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसतो आणि त्याची वाढ थांबवतो. तो पुरेसा तयार करण्याची क्षमताच जन्मतः नसलेली काही बाळं असतात, त्यांच्या धमन्या पाळण्यातच कडक होतात. पाळण्यात. वय झालं की होतं म्हणणाऱ्यांना मी हे सांगायला हवं. आणि तिसरं मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन, जे धमनीतल्या त्या स्नायूपेशी स्वतःच बनवतात आणि स्वतःच्याच अंगणात पहाऱ्याला ठेवतात. 1997 मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले. जन्मले तेव्हा धडधाकट होते. दोन महिन्यांच्या आत मेले, धमन्या इतक्या कडक झाल्या की फुटल्या.

हे प्रथिन कामाला लागतं ते के जीवनसत्त्वामुळे. हिरव्या पालेभाज्यांत ते भरपूर असतं. रक्त पातळ राहावं म्हणून वॉर्फरिन देतात ते नेमकं याच जीवनसत्त्वाचं काम अडवतं, म्हणून दीर्घकाळ ते घेणाऱ्यांच्या धमन्यांकडे डॉक्टरांचं लक्ष असतं. आमच्या शेजारच्या काकांना हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली आहे, त्यांचा जीव त्या गोळीवर आहे. मी हे वाचलेलं त्यांच्याजवळ बोलले नाही. गोळी बंद करतील या भीतीने. कुणी करूही नये.

मग आईचा पहारा कुठे ढासळला? तिच्या फायलीत होतं उत्तर, दोन वर्षांपासून होतं, मी नीट वाचलं नव्हतं. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन 2.9, चढलेलं. फॉस्फरस 5.8, आणि पुढे कंसात छापलेलं 2.5 ते 4.5. मूत्रपिंडं थकली की फॉस्फेट बाहेर टाकणं जमत नाही. यातली रचना मला इतकी विलक्षण वाटली की मी ती आईला दोनदा समजावून सांगितली. फॉस्फेट वाढलं की हाडं रक्तातून मूत्रपिंडाला निरोप धाडतात, टाक बाहेर. तो निरोप मूत्रपिंडाला ऐकू यावा म्हणून तिथे क्लोथो नावाचं प्रथिन असतं, कानासारखं. हेही 1997 मध्येच उजेडात आलं. जपानी शास्त्रज्ञ माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते ज्या उंदरांत नाही ते उंदीर अकाली म्हातारे होताना दिसले, धमन्या चुनखडीसारख्या, हाडं विरळ, आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचं. आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेचं नाव त्यांनी त्याला दिलं. मूत्रपिंड आजारी पडलं की आधी हा कान जातो. हाडं ओरडून ओरडून सांगतात आणि पलीकडे ऐकणारं कुणी नसतं. फॉस्फेट साठतं, धमनीच्या पेशींत शिरतं, आणि मग ते सगळं. शिवाय गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळतात आणि त्यांचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट उपसून रक्तात आणतं.

म्हणजे आईने विचारलं ते पुष्कळसं बरोबरच होतं. हाडातला चुना निघत होता. पण तो जाऊन नसेत साचला इतकंच नाही. नसेने त्याला घर बांधून दिलं होतं.

गोळीचं काय, हे मी मैत्रिणीला शेवटी विचारलं. धीर होत नव्हता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की या गोळ्यांवर अभ्यास पुष्कळ झाले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. दूध, नाचणी, तीळ यांतून मिळणाऱ्या कॅल्शियमवर बोट ठेवावं असं काही नाही. गोळ्यांबाबत काहींना धोका दिसला, काहींना नाही. पण मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला कॅल्शियम जपूनच द्यायला हवं, हे आता बहुतेक सगळे मानतात. "तुझ्या गोळीने एकटीने हे केलेलं नाही," ती म्हणाली. बावीस वर्षांची साखर आणि ते फॉस्फेट पुरेसं होतं. मी ऐकलं. पण दोन वर्षं ती फाइल कपाटात होती आणि मी रोज रात्री वाटीत गोळी ठेवत होते, हे काही त्याने पुसलं जात नाही.

दादाने पुण्यात तपासणी करून घेतली, हृदयाच्या धमन्यांचा कॅल्शियम स्कोअर. 1990 पासून ही मोजणी आहे, ॲगॅस्टन या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाने ओळखतात. त्याचा आकडा शून्य आला आणि त्याने पेढे वाटायचेच बाकी ठेवले. मी त्याला सांगितलं की शून्य ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण मऊ चरबीचे थर यात दिसत नाहीत. आणि त्याच्या हृदयाची गोष्ट आणि आईच्या मांडीची गोष्ट अगदी एक नाही. हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम बहुधा आतल्या थरात, चरबीच्या गाठींभोवती बसतं आणि वाट अरुंद होते. तिथे मोठा कडक तुकडा त्या मानाने स्थिर असतो, गाठीच्या पातळ टोपीतले कणाएवढे ठिपके जास्त दगा देतात. आईचं मधल्या थरातलं. वाट फारशी बुजत नाही, भिंत ताठ होते.

ताठ म्हणजे काय ते मी बोटांनी पाहिलं. पायाच्या जखमेसाठी गेलो होतो तेव्हा नर्सने आईच्या पोटरीला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि हवा भरत गेली. भरतच गेली. घोट्याजवळ लावलेल्या यंत्रातून ठोक्यांचा आवाज येतच होता, फुस् फुस्, थांबायचं नाव नाही. पट्टा एवढा आवळला की आई कण्हली, तरी आतली धमनी दबेना. आकडा हातापेक्षा कितीतरी वर. तिथले डॉक्टर म्हणाले, हा खरा दाब नाही, नस दाबली जात नाहीये म्हणून आकडा चढतोय, यावर विसंबायचं नाही. घरी आल्यावर मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं. लहानपणी ताप आला की ती माझं मनगट असंच धरायची. तिच्या कातडीखाली नाडी सुतळीसारखी लागली. बोटाखालून सरकवता येत होती, मध्येच बारीक गाठ लागत होती. माझ्या मनगटावर बोट ठेवलं तर ठोका लागतो, नळी लागत नाही.

अजून लागत नाही, असं म्हणायला हवं. कारण याच दिवसांत मी माझी फाइल काढली. गेल्या वर्षी मॅमोग्राफी केली होती, अहवालात कर्करोगाचं काही नाही एवढं वाचून मी सुटकेचा श्वास टाकला होता. खाली एक ओळ होती. स्तनातल्या धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम, सौम्य स्वरूपाचं. सौम्य म्हणजे कर्करोगाचं नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्या रेघा आणि आईच्या रेघा एकाच जातीच्या. मैत्रिणीला अहवालाचा फोटो पाठवला तर ती म्हणाली, घाबरू नकोस, पण साखर, दाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घे, पुढे हृदयाचं दुखणं होणाऱ्या बायकांत हे जास्त दिसतं. मी बावन्न वर्षांची आहे. साखर काठावर निघाली.

आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये जो माणूस सापडला, एट्झी, तो 5300 वर्षांपूर्वीचा, त्याच्याही धमन्यांत कॅल्शियम दिसतं. त्याच्याकडे ना साखर होती ना बेकरी, आणि वय पंचेचाळीसच्या आसपास. हे वाचून मला क्षणभर हायसं वाटलं होतं, चला, माणसाचा हा जुनाच भोग आहे. मग बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचं वाचलं. जंगलात शेती आणि शिकार करून राहणारे, दिवसातले कितीतरी तास पायांवर असणारे. 705 जणांच्या हृदयाचे स्कॅन काढले, 2017 मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि 85 टक्के लोकांत कॅल्शियमचा ठिपकाही नव्हता. म्हाताऱ्यांतही बहुतेकांत नाही. ते हायसं वाटणं गेलं. बरंच झालं गेलं ते.

आईची कॅल्शियमची गोळी आता बंद आहे. तिच्या जागी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी दुसरी दिली आहे, तिच्यात कॅल्शियम नाही. ही जेवणानंतर घेऊन चालत नाही, जेवतानाच घ्यायची, कारण तिने पोटातल्या अन्नातलं फॉस्फेट तिथेच धरायचं असतं. चीज, कोला, पाकिटातलं खाणं बंद केलंय, त्यात वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळंच अंगात शोषलं जातं. डाळी-धान्यातलं त्या मानाने कमी, म्हणून वरणभात राहिला आहे, वाटी मोजून.

काल रात्री ताट वाढलं. आईने भात कालवला आणि घास हातात धरून थांबली. मी गोळी आणायला विसरले होते. "अगं, ती तुझी फॉस्फेटची आण," म्हणाली. आणून दिली, तिने पहिल्या घासाबरोबर घेतली, पाणी प्यायली. मग माझ्या ताटाकडे बघितलं. "आणि तुझ्या साखरेचं काय म्हणाले?" मी म्हटलं, सोमवारी जायचंय. तिने माझ्या ताटातला शिऱ्याचा मुदा उचलला, आपल्या ताटात ठेवायला निघाली, तिथेच तिचा हात थांबला. मुदा तिने पातेल्यात परत टाकला आणि झाकण ठेवलं.